कॉम्प्रेसरच्या भोवतीची छोटी मंडळी: कंडेन्सिंग युनिटच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून एमआरएसी (फ्रीज-एसी मेकॅनिक) ट्रेड करून पोरं फील्डवर येतात, तेव्हा कंडेन्सिंग युनिटमध्ये (कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि त्यांची जोडणी एकाच सांगाड्यावर) त्यांची नजर सगळ्यात आधी कॉम्प्रेसरवर जाते. साहजिक आहे, महागडी वस्तू तीच. पण मी नाशिकच्या पट्ट्यात पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडची द्राक्षांची प्री-कूलिंग युनिटं सांभाळतो आणि माझा अनुभव असा, की कॉम्प्रेसर सहसा आपणहून मरत नाही. त्याला मारतो एखादा चोक झालेला ड्रायर (गॅसमधला ओलावा नि कचरा अडवणारी गाळणी), बंद पडलेला हीटर, नाहीतर कुणीतरी तार मारून डायरेक्ट केलेला, म्हणजे निकामी केलेला एचपी स्विच (दाब फार वाढला की युनिट बंद करणारा).

त्या डायरेक्टबद्दल आधी बोलतो, कारण पहिल्याच हंगामात तुमच्यावर ही वेळ येणार. खोलीत माल भरलाय, गराचं तापमान काही तासांत ४ अंशांपर्यंत उतरवायचंय, आणि मार्चच्या उन्हात युनिट एचपीवर ट्रिप होतंय. मालक म्हणतो, "दादा, तेवढं डायरेक्ट करून द्या, सकाळी बघू." करू नका. आर ४०४ए या गॅसवर कंडेन्सिंग ४५ अंशांना असेल तर डिस्चार्जला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या बाहेर पडण्याच्या बाजूला, साधारण २८० पीएसआय दिसतात. ६० अंशांना तोच आकडा ४०० वर जातो. स्विच तिथे तोडतोय म्हणजे उष्णता बाहेर पडत नाहीये. बहुतेक वेळा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी कॉइल) धुळीने बुजलेला असतो, नाहीतर फॅन मोटर मंदावलेली असते. आतल्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने कॉइल धुतली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. जेट पंप लावलात तर फिन आडव्या होतील आणि मग कंगवा घेऊन बसावं लागेल.

एलपी स्विचच्या (दाब फार कमी झाला की युनिट थांबवणारा) सेटिंगमध्ये नवी मुलं हमखास गोंधळतात. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या डॅनफॉसच्या केपी १५ या एचपी-एलपी स्विचमध्ये एलपीची मुख्य पट्टी कट-इन (युनिट सुरू होण्याचा दाब) दाखवते. त्यातून डिफरन्शियल (दोन्हींतला फरक) वजा केलं की कट-आउट, म्हणजे थांबण्याचा दाब मिळतो. मुख्य पट्टी ४ बार आणि डिफ २ बार, म्हणजे युनिट २ बारला थांबेल आणि ४ ला परत सुरू होईल. आता युनिट पंप-डाउनवर असेल (थर्मोस्टॅट आधी सोलेनॉइड वॉल्व्ह बंद करतो आणि दाब उतरला की एलपी युनिट थांबवतो) तर एक गोष्ट आणखी बघा. खोली ० अंशाला असताना ४०४ए चा दाब साधारण ५ बार असतो. कट-इन त्याच्या वर ठेवलात तर थर्मोस्टॅटने सोलेनॉइड उघडला तरी कॉम्प्रेसर उठणारच नाही, आणि तुम्ही तासभर कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा मोठा स्विच) तपासत बसाल. पट्टीवरचे आकडे अंदाजापुरते असतात. खरा कट-आउट गेज लावून, सक्शन हळूहळू बंद करूनच बघायचा. आणि स्क्रूला हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

साइट ग्लासमध्ये (लिक्विड लाइनवरची काचेची खिडकी) बुडबुडे दिसले की गॅस भरायचा, ही सवय लावून घेऊ नका. ग्लास बहुधा ड्रायरच्या पुढे असतो. ड्रायर अर्धा चोक असेल तर दाब तिथेच पडतो, लिक्विड उकळतं आणि गॅस पुरेसा असूनही बुडबुडे येतात. ड्रायरच्या दोन्ही टोकांना थर्मामीटर लावा. बाहेरचं टोक स्पष्टपणे थंड लागत असेल तर दोष ड्रायरचा. ग्लासच्या मधल्या ठिपक्याचा रंगही वाचायला शिका. बऱ्याच बनावटींत हिरवा म्हणजे कोरडं, पिवळा म्हणजे ओलावा. ४०४ए सोबतचं पीओई तेल हवेतला ओलावा चटकन ओढतं, म्हणून सिस्टीम उघडली की ड्रायर नवा टाकायचा आणि व्हॅक्यूम मायक्रॉन गेजवर ५०० च्या खाली नेऊन तो टिकतोय का बघायचं. पंप अर्धा तास चालवला म्हणजे व्हॅक्यूम झाला, असं नसतं.

क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरमधलं तेल गरम ठेवणारा) हा सगळ्यात दुर्लक्षित. हंगाम संपला की शेतकरी वीज वाचवायला मेन पाडतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण थंड कॉम्प्रेसरमध्ये गॅस येऊन तेलात मुरतो आणि पुढच्या वर्षी बटण दाबताच तेल फेसाळून वर येतं; बेअरिंग कोरडी पडतात. म्हणून चालू करण्याच्या आदल्या दिवशी मेन द्या, हीटर तापू द्या. मालकाला हे पॅनेलच्या दारावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्या. तोंडी सांगितलेलं राहत नाही.

सेमी-हर्मेटिक (बोल्ट काढून उघडता येणाऱ्या कॉम्प्रेसरच्या) युनिटवर ऑइल प्रेशर स्विच ट्रिप झालेला दिसला तर रीसेट दाबण्याआधी तेलाची पातळी बघा. तो दीड-दोन मिनिटं वाट पाहून मगच तोडतो, म्हणजे उगाच तोडलेलं नसतं. सोलेनॉइडची कॉइल वीज चालू असताना दांड्यावरून उपसू नका, एसी कॉइल काही वेळातच जळते. डीपीचं (ट्रान्सफॉर्मरचं) काम झाल्यावर स्क्रोल कॉम्प्रेसरचं युनिट विचित्र आवाज करत असेल आणि दोन्ही गेज जवळजवळ सारखेच असतील, तर फेजचा क्रम उलटलाय आणि कॉम्प्रेसर उलटा फिरतोय. लगेच बंद करा.

राहिली गळती. गॅस बाष्पीभवकातच गळत असेल, असं समजून लोक कोल्ड रूम रिकामी करायला लावतात. मी आधी युनिटवरच शोधतो: एचपी-एलपी स्विचच्या बारीक नळ्या कुठे पत्र्याला घासताहेत का, फ्लेअर नटाखाली तेलाचा डाग आहे का, सर्व्हिस वॉल्व्हची ग्लँड सैल आहे का. घासणाऱ्या नळीला सैल वेटोळं देऊन क्लिप मारा. गेज काढल्यावर वॉल्व्हची टोपी वॉशरसकट घट्ट बसवा आणि तिच्यावर साबणाचं पाणी सोडून बघा. खिशात राहून घरी गेलेल्या टोप्यांमुळे गळालेला गॅस मी दर हंगामात भरतो.