एका रात्रीत दोन झालेला माणूस: शक्यता कशी मोजावी

समजा, साताऱ्यात राजवाड्याजवळच्या घरी तुम्ही रात्री झोपलात आणि झोपेतच तुमच्या देहाची व मनाची, आठवणींसकट, हुबेहूब नक्कल तयार झाली. मूळ देह साताऱ्यातल्या एका खोलीत, तर नक्कल सांगलीतल्या एका खोलीत ठेवली गेली. दोन्ही खोल्यांना खिडकी नाही आणि आतले सारे सामान एकसारखे आहे. असे कोडे समोर आले की बहुतेक जण थेट अपूर्णांकाकडे वळतात. माझ्या अनुभवाप्रमाणे चूक गणितात क्वचितच होते. ती प्रश्न मांडतानाच झालेली असते.

म्हणून आधी प्रश्नाची वेळ लिहून ठेवावी. झोपण्यापूर्वी ‘उद्या मी कुठे जागा होईन?’ असे विचारले, तर तुम्हाला ठाऊक नसलेली कोणती गोष्ट त्यात आहे हे शोधावे. एक जण साताऱ्यात उठेल, एक सांगलीत, आणि दोघांनाही कालचा दिवस सारखाच आठवेल, हे सगळे आधीच माहीत आहे. उरतो तो ‘त्यांतला मी कोण’ हा प्रश्न. दोघांचा हक्क सारखाच मानला, तर दोघेही ‘तुम्हीच’ असू शकत नाहीत, कारण मग ते एकमेकांशीही एकच ठरतील, आणि एक माणूस एकाच वेळी दोन गावांत निजलेला असेल. मूळ देहाला झुकते माप द्यायचे असेल, तर ते का, हे लिहून ठेवावे. डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञांनी १९८४ साली असे सुचवले की ओळख टिकते की नाही यापेक्षा आठवणी, स्वभाव आणि हेतू यांची सलगता टिकते की नाही, हेच महत्त्वाचे आहे. ते पटले, तर रात्रीच्या प्रश्नाला शक्यता चिकटवण्याची घाई करू नये.

सकाळचा प्रश्न निराळा आहे. डोळे उघडल्यावर ‘ही खोली कोणत्या गावातली?’ हे खरोखरच अज्ञात असते. अ‍ॅडम एल्गा या तत्त्वज्ञांनी २००४ साली मांडल्याप्रमाणे, आतून ओळखू न येणाऱ्या अशा स्थितींना समान वाटा द्यावा. म्हणजे सातारा १/२, सांगली १/२. मात्र ‘आतून ओळखू न येणाऱ्या’ ही अट काटेकोरपणे तपासावी. खोलीत हळदीचा जरासा वास आला, तरी सांगलीकडे पारडे झुकते आणि समान वाटा तिथेच संपतो.

आता नाणे आणावे. छापा पडला तर नक्कल होत नाही, तुम्ही एकटेच साताऱ्यात उठता; काटा पडला तर दोघे उठतात. उठल्यावर छाप्याची शक्यता किती? येथे वहीत शंभर रात्री मांडाव्यात. सरासरीने पन्नास छापे, म्हणजे पन्नास जागृती. पन्नास काटे, म्हणजे शंभर. दीडशे जागृतींपैकी पन्नास छाप्याच्या, म्हणून १/३. काटा पडल्यास एकाच व्यक्तीला, पहिले उठणे विसरायला लावून, दोनदा उठवण्याच्या कोड्यात एल्गा यांनी २००० साली हीच बाजू घेतली. त्यावर डेव्हिड ल्यूइस या तत्त्वज्ञांनी २००१ साली उत्तर दिले की नाणे निर्दोष आहे, उठल्याने नवी माहिती मिळालेली नाही, म्हणून शक्यता १/२ च राहते. दोन्ही उत्तरांची पुढची पायरीही करून पाहावी. ‘तू साताऱ्यात आहेस’ असे कळल्यावर पहिल्या हिशेबात छापा १/२ होतो, तर दुसऱ्यात २/३, कारण तिथे काट्याचा १/२ वाटा दोन गावांत विभागून साताऱ्याकडे १/४ च येतो. साताऱ्यात तर दोन्ही निकालांत कोणीतरी उठणारच होते. मग निर्दोष नाण्यावर २/३ विश्वास ठेवणे मला जड जाते. पण काट्याला एकाऐवजी हजार नकला केल्या, की पहिल्या हिशेबाने छाप्याची शक्यता १/१००२ होते. निव्वळ जागे झाल्यामुळे इतकी खात्री यावी, हेही तितकेच खटकते, आणि ही अडचण झाकून पुढे जाऊ नये.

मतभेद कुठे आहे हे पाहायचे असेल, तर बक्षीस ठेवावे. आमच्या घरी हा खेळ पाच रुपयांचे नाणे आणि कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन झाला. उठणाऱ्या प्रत्येकाने ‘छापा’ की ‘काटा’ ते सांगायचे, बरोबर आल्यास एक पेढा. सारखी मने सारखेच उत्तर देणार हे गृहीत धरले, तर शंभर रात्रींत ‘काटा’ म्हणणाऱ्यांना शंभर पेढे मिळतात, ‘छापा’ म्हणणाऱ्यांना पन्नास. बक्षीस जागृतीमागे न देता रात्रीमागे एकच दिले, तर दोन्हीकडे पन्नास-पन्नास. त्यामुळे पेढा कशामागे द्यायचा, ही अट उत्तर मागण्यापूर्वीच लिहावी.

आमची ताई मात्र जागृतीमागे पेढा देण्याच्या अटीवरच अडली. ती म्हणाली, “सांगलीतल्या नकलेने खाल्लेला पेढा माझ्या हिशेबात कसा धरता?” मी वहीत दोन रकाने पाडले: एकात फक्त साताऱ्यातल्या देहाचे पेढे, दुसऱ्यात दोघांचेही. पहिल्या रकान्यात ‘छापा’ आणि ‘काटा’ दोन्ही पन्नासावर थांबले. दुसऱ्यात ‘काटा’ शंभरावर गेला. कोणता रकाना आपला, हे ताईने अजून सांगितलेले नाही, आणि ती सांगत नाही तोवर ‘काटा म्हणणेच शहाणपणाचे’ असे मी तिला सांगू शकत नाही.