पावसाळ्याच्या तोंडावर केलेला जॅम बुरशीपासून कसा जपावा

मे महिन्याच्या उत्तरार्धात गोव्यातील बागायतदारांकडे हंगामाअखेरचे मानकुराद आणि मुसराद आंबे, कुळागरातील (सुपारी-नारळाच्या बागेतील) अननस आणि फणस, डोंगरउतारावरची करवंदे अशी सगळी फळे एकदमच हाती येतात, आणि पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी करून ठेवायच्या साठवणीच्या) इतर जिनसांबरोबर जॅमचीही बेगमी घरोघरी सुरू होते. हा जॅम करण्याचा आणि भरण्याचा काळ नेमका हवा दमट होत जाण्याचा असतो, तर तो साठवण्याचा काळ हा गोव्यात साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पावसाळ्याचा असतो. त्यामुळे मार्चमध्ये निभावून गेलेली हलगर्जी जून-जुलैमध्ये बरणीच्या तोंडाशी पांढऱ्या किंवा हिरवट केसाळ थराच्या रूपाने दिसू लागते.

ही बुरशी बहुतेक वेळा बरणीच्या पोटात नव्हे, तर तोंडाशी येते, आणि प्रतिबंधाची सगळी दिशा यावरूनच ठरते. जॅममध्ये एकूण विद्राव्य घटक (पाण्यात विरघळलेले घटक, मुख्यतः साखर) 65 ते 68 टक्के असले की साखर पाणी धरून ठेवते आणि बहुतेक जिवाणूंना वाढण्यापुरते मोकळे पाणी उरत नाही. मात्र अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम गटांतील काही बुरशी त्याहूनही कोरड्या स्थितीत तग धरतात. त्यांना हवा लागते, म्हणून त्या पृष्ठभागावरच पसरतात. गरम जॅमची वाफ झाकणाला लागून थेंबाच्या रूपाने परत खाली पडली, तर त्या थेंबाएवढ्या जागी साखरेचे प्रमाण घटते, आणि आतला जॅम मानकाप्रमाणे घट्ट असूनही वरचा पातळ थर बुरशीला पुरेसा ओला होतो. बुरशी दिसताच साखर कमी पडली असा निष्कर्ष काढण्याची सवय आहे; तो निष्कर्ष अनेकदा चुकीचा असतो.

फळांच्या बाबतीत एवढेच पुरे की वळवाच्या सरीत गळून चिखलात पडलेला, फुटलेला किंवा देठाशी काळा पडलेला आंबा जॅमला घेऊ नये. मातीतील बिसोक्लॅमिससारख्या काही बुरशींचे बीजाणू उष्णतेला दाद देत नाहीत आणि फळ शिजवूनही जिवंत राहू शकतात. अखंड फळ वाहत्या स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन, देठाकडचा भाग कापून टाकून मगच गर काढावा.

शिजवताना जॅम झाला की नाही हे बशीवर थेंब टाकून पाहण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, परंतु त्या परीक्षेने जॅम जमला की नाही एवढेच कळते, तो टिकेल की नाही हे कळत नाही. करवंदात पेक्टिन (जॅम जमवणारा फळातला घटक) भरपूर असल्यामुळे साखर पुरेशी आटण्यापूर्वीच ते जमते आणि करणारा घाईने आच बंद करतो. उलट पूर्ण पिकलेला मानकुराद आवश्यक तेवढा आटूनही सैल दिसतो. म्हणून तापमान किंवा वजन यांचाच आधार घ्यावा. गोव्याच्या किनारपट्टीवर पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, तेव्हा उकळता जॅम 105 अंशांना पोहोचला की विद्राव्य घटक योग्य प्रमाणाच्या आसपास आलेले असतात. तापमापी नसल्यास रिकाम्या पातेल्याचे वजन आधी लिहून ठेवावे: 18 टक्के विद्राव्य घटक असलेला 1 किलो आंब्याचा गर आणि 1 किलो साखर घेतली, तर 68 टक्क्यांसाठी तयार जॅमचे वजन सुमारे 1,735 ग्रॅम भरले पाहिजे, अननसाच्या 12 टक्क्यांच्या गरासाठी हाच आकडा सुमारे 1,650 ग्रॅम येतो.

आम्लाचे प्रमाणही तितकेच महत्त्वाचे आहे. गोड आंब्याच्या 1 किलो गरास 3 ते 5 ग्रॅम सायट्रिक आम्ल घालावे. पिकलेल्या फणसाच्या गऱ्यात तर मुळातच आम्ल अत्यल्प असते, त्यामुळे तेथे आम्ल घालणे ऐच्छिक मानू नये, आणि पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) पट्टीने तपासून तो 3.5 च्या खाली आल्याची खात्री करून घ्यावी. मात्र हात सैल सोडून आम्ल ओतल्यास जॅमला पाणी सुटते, आणि वर साचलेल्या त्या पातळ पाण्यावर बुरशी आधी धरते.

खरी कसोटी भरण्याच्या वेळी लागते, आणि नेमके तेथेच बहुतेकांचे लक्ष ढळते. रात्री उशिरापर्यंत जॅम शिजवून पातेले पंख्याखाली, वर एखादे ओढणीचे फडके टाकून ठेवायचे आणि सकाळी निवांत बरण्या भरायच्या, ही सोयीची वाटणारी रीत सर्वांत घातक आहे. कारण थंड होत जाणारा जॅम तोपर्यंत हवेतील बीजाणू झेलत असतो आणि नंतर भरताना ते मारण्याएवढी उष्णता त्यात उरलेली नसते. जॅम 85 अंशांहून अधिक गरम असतानाच भरावा. काचेच्या बरण्या आधी 10 मिनिटे पाण्यात उकळून गरमच ठेवाव्यात आणि लाकडी फळीवर मांडाव्यात, म्हणजे त्या तडकणार नाहीत. अर्ध्या किलोच्या बरण्यांपेक्षा 200 ते 250 ग्रॅमच्या बरण्या घेणे शहाणपणाचे आहे, कारण पावसाळ्यात उघडलेली बरणी जितकी लवकर संपेल तितके चांगले. वर साधारण पाव इंच जागा सोडावी, काठाला लागलेला जॅम उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावा आणि आतले अस्तर अखंड असलेले नवे झाकण लगेच घट्ट लावावे. लोणच्याच्या बाटलीचे जुने, गंज धरलेले झाकण चार पैसे वाचवण्यासाठी वापरू नये.

यानंतर बंद बरण्या झाकणावर इंचभर पाणी राहील अशा उकळत्या पाण्यात 10 मिनिटे ठेवाव्यात. बरणी उलटी करून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे, परंतु तिने झाकणाखाली निर्वात पोकळी नीट निर्माण होईलच असे नाही. त्यापेक्षा उकळत्या पाण्याचा मार्ग अधिक भरवशाचा आहे. बाहेर काढलेल्या बरण्या एकमेकींपासून थोड्या अंतरावर, न हलवता, पंख्याचा झोत नसलेल्या जागी रात्रभर निवू द्याव्यात. दुसऱ्या दिवशी झाकणाचा मधला भाग दाबून पाहावा: तो आत ओढला गेलेला असेल तर बरणी हवाबंद झाली, वरखाली होत असेल तर ती फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवावी. जॅमवर वितळलेल्या मेणाचा थर ओतण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी, कारण मेण आक्रसल्यावर कडेला फट पडते आणि बुरशी तिच्याखाली बिनबोभाट वाढते.

विक्रीसाठी माल करणाऱ्या स्वयंसहाय्य गटांना परिरक्षक (माल टिकवणारे रसायन) वापरावयाचा झाल्यास करवंद, जांभूळ, भिरंड (कोकम) अशा रंगीत फळांसाठी सोडियम बेंझोएट घ्यावे, कारण पोटॅशियम मेटाबायसल्फाइटने त्यांचा रंग उडतो. जॅममध्ये बेंझोइक आम्लाची मर्यादा दशलक्ष भागांत 200 भाग आहे, म्हणजे 10 किलो तयार जॅमला 2 ग्रॅम सोडियम बेंझोएट पुरते. ते थोड्या गरम पाण्यात विरघळवून आच बंद करण्यापूर्वी मिसळावे. किलोभर जॅमसाठी 0.2 ग्रॅम मोजणे घरगुती काट्याला जमणारे नाही, तेव्हा एवढ्या कमी मालासाठी परिरक्षकाच्या फंदात न पडलेलेच बरे. परिरक्षक अस्वच्छ भरणीवरचा उतारा नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

कमी साखरेचा जॅम हा मुळात टिकाऊ पदार्थ नव्हेच, त्यामुळे मधुमेही व्यक्तींसाठी केलेला असा जॅम थोडा थोडा करून फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्येच ठेवावा. गुळाने केलेल्या जॅमलाही हीच खबरदारी लागू आहे.

साठवणीसाठी पावसाची ओल न झिरपणारी आतली भिंत निवडून, भिंतीपासून थोडे अंतर ठेवून, फळीवर बरण्या मांडाव्यात. पोती, सुकी मासळी, कांदे आणि सोलांचे डबे यांच्या शेजारी त्या ठेवू नयेत. प्रत्येक बरणीवर घाण्याचा (एका वेळी शिजवलेल्या जॅमचा) क्रमांक आणि तारीख लिहावी, म्हणजे एकीत बुरशी आढळल्यास त्याच घाण्याच्या बाकीच्या बरण्या लगेच तपासता येतात. पावसाळाभर आठवड्यातून एकदा झाकणे पाहावीत. उघडलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवावी आणि प्रत्येक वेळी कोरडा, स्वच्छ चमचाच वापरावा. पावाचा चुरा लागलेली सुरी बरणीत घातली की आधीची सारी काळजी वाया जाते.

बुरशी दिसलीच, तर वरचा थर काढून उरलेला जॅम खाणे किंवा पुन्हा उकळणे टाळावे. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, पॅट्युलिनसारखी काही बुरशीजन्य विषे उकळल्यानेही नाहीशी होत नाहीत, आणि बुरशी आम्ल खाऊन टाकत असल्याने त्या जागी इतर घातक जिवाणूंना आसरा मिळू शकतो. असा जॅम गुरांना, डुकरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये. बरणी वास न घेता पिशवीत गुंडाळून बाहेर न्यावी, जॅम विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरावा, झाकण टाकून द्यावे आणि काच साबणाने धुऊन उकळल्यानंतरच पुढच्या खेपेला वापरावी.