'लीव्ह'चं फ्रेंच करताना आधी कर्म शोधा

इंग्रजी-फ्रेंच शब्दकोशात 'लीव्ह' उघडलं की पार्तीर, किते, लेसे, सोर्तीर अशी रांग लागते आणि शिकणारा बहुधा पहिलाच शब्द उचलतो. त्याऐवजी वाक्यात कर्म आहे का, ते बघा.

कर्म नसेल तर पार्तीर, म्हणजे आपलं 'निघणे'. ती आठ वाजता निघाली: 'एल ए पार्ती आ उइतर'. भूतकाळात याचं सहायक क्रियापद एत्र ('असणे'), आव्वार ('जवळ असणे') नव्हे. 'जे पार्ती' ही नेहमीची चूक. कर्ता स्त्रीलिंगी असेल तर लिहिताना शेवटी रोमन 'ई' जोडायची. ती ऐकू येत नाही, म्हणूनच राहून जाते.

किते मात्र एरवी कर्माशिवाय उभं राहत नाही. 'ज कित पारी' म्हणजे पॅरिस सोडतोय. नुसतं 'ज कित आ उइतर' अर्धवट वाटतं. पार्तीर वापरायचं तर मध्ये 'द' हवा: 'ज पार द पारी'. सोर्तीर फक्त आतून बाहेर पडण्यासाठी.

वस्तू जागेवर राहिली आणि आपण आलो, तर लेसे. किल्ल्या टेबलावर ठेवून आलो: 'जे लेसे मे क्ले स्यूर ला ताब्ल'. दार उघडं ठेवलं, तरीही लेसेच.

आतापर्यंत मराठीने साथ दिली, पण 'सोडणे' दगा देतं. 'मी तिला सोडलं' यात नातं तोडलं असेल तर किते, स्टेशनवर सोडलं असेल तर देपोझे, एकटीला मागे ठेवलं असेल तर लेसे. इथे शब्द नको, प्रसंग बघा. 'सोडून दे, जाऊ दे' साठी मात्र 'लेस ताँबे' अगदी चपखल.

फोनवर तर किते आणि लेसे दोन्ही भेटतात, आणि तिथे किते कर्माशिवायही चालतं. समोरचा 'न किते पा' म्हणाला तर फोन ठेवू नका, असं तो सांगतोय. आपण 'चल, ठेवतो' म्हणतो तिथे फ्रेंच माणूस म्हणतो, 'बाँ, ज त लेस'.

'टू टिकिट्स लेफ्ट' मधलं 'लेफ्ट' या कुटुंबातलंच नाही. ते 'उरणे', म्हणजे रेस्ते: 'इल रेस्त द्यो बिये'. तिकिटं दोन असोत की वीस, 'इल रेस्त' बदलत नाही. त्याचं अनेकवचन करायला जाऊ नका.