मोटर कुठनं काढायची, अक्का? थीम पार्कच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं-मुली हल्ली मला विचारतात, थीम पार्क डिझाइनमध्ये जायचं तर कोणता कोर्स करायचा? कोर्सचं पुढे सांगते. आधी हत्तीचं सांगते.

मी बेळगावातल्या वडगावची. शिक्षण संपवून पुण्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये लागले. तिथे पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते एका इनडोअर राइडमधल्या हत्तीचं. जंगलातून जाणारी छोटी गाडी, वळणावर पाणवठा आणि पाणवठ्याशी कान हलवणारा हत्ती. आधी मातीत मॉडेल, त्यावरून साचा, साच्यातून फायबरचं अंग, आत लोखंडी सांगाडा आणि कानाला गाडीच्या वायपरची मोटर. गणपतीच्या हलत्या देखाव्यांत वापरतात तीच, बारा व्होल्टची. महिनाभर मी त्या कातडीच्या सुरकुत्या कोरत होते. पाठीवरचा सांधा दिसू नये म्हणून पुट्टी भरून, घासून तो असा एकजीव केला, की हात फिरवूनही कळू नये.

हत्ती बसवायला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम केलेला एक फिटर आमच्याबरोबर होता. मूळचा हुक्केरीकडचा, कन्नड बोलणारा. त्यानं हत्तीभोवती एक फेरी मारली, पोटावर टकटक केली आणि मला विचारलं, "मोटर ह्यांग तगीतीरी, अक्का?" मोटर काढणार कशी?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वायपरची मोटर पावसात अधूनमधून चालावी म्हणून बनवलेली असते. इथे ती रोज दहा तास चालणार. काही महिन्यांत आतल्या गिअरचे दात झिजणार, बुश सैल होणार. तेव्हा हात कुठून घालायचा, हा विचार मी एकदाही केला नव्हता. त्या रात्री मीच ग्राइंडर घेऊन, महिनाभर खपून कोरलेल्या त्या अंगाला चौकोन कापला आणि त्याला बिजागरीचं झाकण बसवलं.

झाकण कोणत्या बाजूला असावं, हे ठरवताना मला हे काम पहिल्यांदा कळलं. गाडी डावीकडून येते, पाहणाऱ्याची नजर आधी सोंडेवर जाते, मग कानावर, आणि हत्तीची उजवी बरगडी त्याला शेवटपर्यंत दिसतच नाही. झाकण तिथेच. म्हणजे गोष्ट सांगणारा आणि दुरुस्ती करणारा, दोघांचे प्रश्न एकाच कागदावर सुटायला हवेत. सिनेमाचा सेट शूटिंग संपलं की मोडतात. आमचा हत्ती वर्षानुवर्षं रोज सकाळी कान हलवायला लागतो.

हाच विचार मोठ्या प्रमाणावर बघायचा तर फ्लोरिडातलं डिस्नेचं मॅजिक किंगडम पार्क बघा. 1 ऑक्टोबर 1971 ला ते उघडलं. त्याच्या खाली कर्मचाऱ्यांसाठी, मालासाठी, कचऱ्यासाठी मोठे बोगदे आहेत. पण तिथल्या जमिनीत पाणी फार वर लागतं, त्यामुळे हे बोगदे खणलेले नाहीत. ते जमिनीच्या पातळीवर बांधून बाजूनं भर घातली. लोक ज्या रस्त्यावरून फिरतात तो खरं तर वरचा मजला आहे. जुन्या अमेरिकेच्या पोशाखातला माणूस भविष्यकाळाच्या भागातून चालत गेला की दोन्ही गोष्टी मोडतात, तेवढं टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप. पहिलं डिस्नेलँड 1955 चं, कॅलिफोर्नियातलं. त्याच्याभोवती मातीचा उंच बांध घातला आहे. आत उभं राहिलं की बाहेरचं शहर दिसू नये म्हणून. बांध ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही. शेताला घालतो तो पाणी अडवायला, तिथे घातला तो नजर अडवायला.

आता आपल्याकडचं. तुम्ही दिवाळीत किल्ला केलाय ना? बेळगावात तर गल्लोगल्ली होतात. लाल माती, पोत्यांचे उतार, वर पेरलेली मोहरी नाहीतर अळीव. पायथ्याशी मोठे मावळे, मधे मध्यम आणि बालेकिल्ल्यावर बोटाच्या पेराएवढे. तसं का करतो, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. वर मोठा मावळा ठेवला की किल्ला एकदम बुटका दिसतो, एवढं डोळ्याला कळायचं. डिस्नेलँडच्या मुख्य रस्त्यावरच्या इमारतींत हेच केलेलं आहे. वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापात बांधलेत, म्हणून दुकानं असतात त्याहून उंच वाटतात. तिथला किल्ला तर फक्त 77 फुटांचा आहे. वर जाताना त्याचे दगड लहान होत गेलेत. पुढच्या दिवाळीत दोन किल्ले करा, एकात मावळे चढत्या क्रमानं लहान, दुसऱ्यात सगळे सारखे. दोन्हींचे फोटो लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा आणि पोर्टफोलिओत लावा. मी मुलाखती घेते तेव्हा असं एक पान मला कॉम्प्युटरवरच्या दहा चकचकीत चित्रांपेक्षा जास्त सांगून जातं.

आणि चित्ररथ. वैशाखातल्या शिवजयंतीची आपली मिरवणूक संध्याकाळी निघते आणि पहाटेपर्यंत चालते. माझे काका आमच्या गल्लीच्या मंडळाचा रथ बांधायचे आणि मी त्यांच्या हाताखाली खिळे द्यायला असायचे. ट्रॅक्टरची ट्रॉली, वर बांबू-फळ्यांचा सांगाडा, मागे जनरेटर. एका वर्षी अफझलखानाच्या भेटीचा प्रसंग होता. आदल्या रात्री काकांनी दोन्ही पोरांना उभं केलं, स्वतः रस्त्याच्या या कडेला गेले, मग त्या कडेला गेले, आणि परत येऊन म्हणाले, "बग गे, खानाची पाठ रामलिंग खिंडीच्या एका अख्ख्या फुटपाथकडं जायलीय. तिकडच्यांनी काय बगायचं?" मग दोघांना ट्रॉलीवर तिरपं उभं केलं. महाराजांचा वाघनखांचा हात वर आणि बाहेर घेतला. दिवा खालून टाकला, म्हणजे हाताची सावली मागच्या शामियान्यावर पडली. आता कोणत्याही कडेनं बघा, प्रसंग कळत होता.

चित्ररथात देखावा चालतो आणि लोक उभे असतात. डार्क राइडमध्ये, म्हणजे अंधारातून गाडीत बसवून नेतात त्या राइडमध्ये, लोक चालतात आणि देखावा उभा असतो. बाकी हिशेब तोच. तुमच्यासमोर माणूस किती सेकंद आहे? बारा सेकंद असतील तर बारा सेकंदांत त्याला काय कळलं पाहिजे? आधी काय दिसावं, मग काय, आणि वळताना शेवटची नजर कशावर जावी? नवी मुलं पानभर पटकथा लिहून आणतात. राजकुमाराचा भूतकाळ, राक्षसाचा शाप, सगळं. मी त्यांना म्हणते, हे गाडीत बसलेल्या आजींना कुठून कळणार? त्यातलं जे दिसतं, ऐकू येतं, अंगाला लागतं, तेवढंच ठेवा.

आपण सीमाभागातली माणसं यात पुढे आहोत, असं मी मनापासून मानते. आपल्या मिरवणुकीत एकाच फुटपाथवर मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारे उभे असतात. पाटीवर लिहून सगळ्यांना सांगता येत नाही. हाताच्या ठेवणीवरून, प्रकाशावरून, कोण मोठं दाखवलंय यावरूनच प्रसंग पोचतो. ज्या पार्कांत देशभरातले लोक येतात तिथे नेमकं हेच लागतं. मी आजही नवीन सीनचं मॉडेल झालं की आवाज बंद करून एका कन्नड आणि एका मराठी सहकाऱ्याला दाखवते. दोघांनी एकच गोष्ट सांगितली तर पुढे जायचं.

घरचं एक शिक्षण मात्र विसरावं लागतं, ते थर्माकोलचं. आपल्याकडे देखावा म्हटलं की हात आधी थर्माकोलकडे जातो. बंद इमारतीत तो भडकतो आणि धूर काळाकुट्ट होतो. 1984 साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या एका पार्कातल्या भुताच्या घराला आग लागली आणि आठ कोवळी मुलं आत मरण पावली. भिंतींना लावलेला फोम पेटला होता. तो प्रसंग वाचल्यापासून कोणताही नमुना हातात आला की मी आधी त्याचा तुकडा बाहेर नेऊन पेटवून बघते. हे साहेबांना दाखवायचं प्रमाणपत्र नव्हे, ते वेगळं असतंच. हे माझ्या स्वतःसाठी. आणि देखाव्यामागचा बाहेर पडायचा रस्ता अंधारातही सापडला पाहिजे. तो गोष्टीच्या आड येतो अशी तक्रार करणाऱ्या डिझायनरबरोबर मी काम करत नाही.

थोडं गणितही लागतं. आठ जणांची गाडी दर चाळीस सेकंदांनी सुटली तर तासाला 90 गाड्या, 720 माणसं. चढता-उतरताना उशीर होऊन साठ सेकंद लागले तर 480. म्हणजे दर तासाला 240 माणसं जास्त वेळ रांगेत. पायरी दोन इंच उंच झाली म्हणून हे घडतं, साडी नेसलेल्या बाईला ती चढवत नाही म्हणून घडतं. म्हणून रांगही गोष्टीचाच भाग धरून आखतात. तिथे पहिला धागा हातात देतात, पंखे लावतात, पाणी ठेवतात.

रंगाचं एक लक्षात ठेवा. वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली गुहा रंगवू नका. मी हिरव्या शेवाळाच्या सात छटा काढल्या होत्या. साइटवर तांबडा दिवा लागला आणि सगळं शेवाळ काळपट चिखल झालं. आता मी साइटवर लागणार तोच दिवा वर्कशॉपमध्ये टांगून घेते.

भुतांबद्दल सगळे विचारतात. काचेवरचं प्रतिबिंब, एवढंच ते आहे. रात्री चोर्ला घाटातून गोव्याहून येताना बसच्या खिडकीत बाहेरची झाडं दिसतात आणि त्यांच्यावर आपला चेहरा तरंगतो ना, तेच. प्रेक्षकासमोर तिरकी काच, बाजूला लपवलेली उजेडातली आकृती. जॉन हेन्री पेपर यांनी 1862 साली लंडनमध्ये हा प्रकार दाखवला आणि तो त्यांच्या नावानंच ओळखला जातो. करायला सोपं आहे, पण काचेवरची धूळ रोज कोण पुसणार, हे आधी ठरवा.

आता कोर्स. थीम पार्क डिझाइन अशा नावाची पदवी शोधत वर्षं घालवू नका. या कामात लोक वेगवेगळ्या दारांनी येतात. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, प्रदर्शनांच्या आखणीचं शिक्षण मिळतं, पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कलादिग्दर्शनाचं, दिल्लीच्या एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, रंगमंचाचं. मुंबईच्या जेजे कलामहाविद्यालयातून किंवा आपल्याकडच्या कलामहाविद्यालयांतून शिल्पकला घेऊन आलेले खूप आहेत. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, आर्किटेक्चरवाले तर हवेच असतात आणि ते नेहमी कमी पडतात. ज्याला मोटर, सेन्सर आणि कंट्रोल पॅनेल कळतं आणि जो नाटकाला जातो, असा माणूस मला मिळाला तर मी त्याला सोडत नाही. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, खानापुरात मातीकाम शिकवणारी खादी ग्रामोद्योगाची संस्था आहे, गोकाकची लाकडी फळं आणि खेळणी तर नावाजलेलीच. सुट्टीत तिथे दोन महिने राबा. साचा कसा सुटतो, लाकूड कुठे फुटतं, हे बोटांना कळलं की ड्रॉइंग आपोआप सुधारतं.

पाहायला लांब जायला नको. बेळगावातून पुणे-बंगळूर महामार्गानं उत्तरेला निघालात की कोल्हापूरच्या अलीकडे कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम आहे. दक्षिणेला हुबळीच्या पुढे शिग्गावजवळ गोटगोडीला चित्रकार टी. बी. सोलबक्कनवर यांनी उभं केलेलं उत्सव रॉक गार्डन आहे. दोन्हीकडे माणसाच्या मापाच्या पुतळ्यांतून खेड्यातलं जगणं दाखवलंय. एकदा पुतळे बघा, दुसऱ्यांदा बघणारे लोक बघा. लोक कुठे थांबतात, कशाला हात लावतात, मुलं कुठे पळतात, हे वहीत लिहा. मग मोठी पार्कं, खोपोलीचं इमॅजिका किंवा बंगळूरजवळच्या बिडदीचं वंडरला. वंडरलाचं बंगळूरचं पार्क 2005 चं, तिथे पाळण्यांची आणि पाण्याची मजा मोठी. इमॅजिका 2013 चं, तिथे गोष्टीतून नेणाऱ्या राइड्स आहेत. दोन्ही एकापाठोपाठ पाहिलीत तर नुसती मजा आणि गोष्ट यांतला फरक पायांना कळतो.

सुरुवातीचा पगार कमी असतो. बरंचसं काम कंत्राटावर असतं, एक पार्क उभं राहिलं की पुढचं मिळेपर्यंत दोन-चार महिने हात रिकामे. उद्घाटनाआधीचा महिना रात्रीचाच असतो. उद्घाटनाला सगळं नीट होईल असंही धरून चालू नका. डिस्नेलँड 17 जुलै 1955 ला उघडलं तेव्हा डांबर इतकं ताजं होतं, की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या. फायबरच्या कामात रेझिनचा वास डोक्यात जातो, काचेचे तंतू कातडीत घुसतात. मास्क आणि हातमोजे मागून घ्या. मिळाले नाहीत तर स्वतःचे न्या आणि ते वर्कशॉप लवकर सोडा. माझ्या पहिल्या वर्षात मी लाजेपायी मागितले नाहीत, तो खोकला दोन पावसाळे गेला नाही.

घरच्यांना काय सांगायचं, असंही मुली विचारतात. माझ्या आईला मी काय करते ते चार वर्षं समजत नव्हतं. मग एकदा तिला त्या जंगलाच्या राइडला घेऊन गेले. वळणावर हत्ती दिसला तशी तिनं पुढच्या दांडीवर हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर म्हणाली, "कान हलवायलाय की गे तो." मग मागच्या दारानं आत नेऊन मी तिला उजव्या बरगडीवरचं झाकण उघडून दाखवलं. आत तिसरी मोटर होती. झाकणाच्या आतल्या बाजूला त्या फिटरनं खडूनं मोटर बदलल्याच्या तारखा कन्नडमध्ये लिहून ठेवल्या होत्या.