बदामाच्या पिठाचे मफिन: वजन उतरवताना किती आणि कसे खावे

मैद्याऐवजी बदामाचं पीठ आणि साखरेऐवजी एरिथ्रिटॉल (जवळपास बिनकॅलरीची गोड पूड) घालून मी पहिल्यांदा मफिन केले, तेव्हा 'यात कार्ब्स कुठे आहेत?' म्हणत संध्याकाळपर्यंत चार फस्त केले. त्या आठवड्यात काटा तसूभरही हलला नाही. नंतर हिशेब मांडला. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ३६० कॅलरी असतात, तेवढ्याच बदामाच्या पिठात ५८०च्या आसपास. कार्ब्स घटले, पण तेल बदामातच होतं.

म्हणून आधी भांडं लहान करा. नेहमीच्या सहा मफिनचं मिश्रण बारा छोट्या साच्यांत घाला. साचे नसतील तर स्टीलच्या छोट्या वाट्यांत कागदी कप ठेवले तरी चालतं.

मग वजन करून घ्या, वाटीच्या अंदाजाने नको: बदामाचं पीठ १५० ग्रॅम, तीन अंडी, वितळवलेलं लोणी ४० ग्रॅम, दळलेलं एरिथ्रिटॉल ६० ग्रॅम, एक चमचा बेकिंग पावडर, वेलची, चिमूटभर मीठ. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या ७० टक्के असते. तेवढी कमी गोडी राहू द्या, आठवडाभरात जीभ सरावते. पाकिटावर 'शुगर फ्री' दिसलं तरी मागची यादी वाचा. माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो दुसरा गोड पदार्थ) असेल तर ग्रॅममागे दोन कॅलरी पोटात जातातच, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं ते वेगळंच.

अंडी आणि लोणी फेटून त्यात कोरडं मिश्रण घाला. मैद्यातलं घट्ट बांधून ठेवणारं ग्लुटेन इथे नसल्याने सगळा भार अंड्यांवर असतो, त्यामुळे एकही अंडं कमी करू नका. नारळाचं पीठ मात्र बदामाच्या जागी तेवढंच घालू नका. ते इतकं पाणी पितं की मफिनचा भुगा होतो.

१७० अंशांवर १४-१५ मिनिटं भाजा. बदाम पटकन करपतो, म्हणून बाराव्या मिनिटापासून ओव्हनसमोरच थांबा. कडा सोनेरी झाल्या, सुई कोरडी निघाली की बाहेर काढा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. गरम असताना उचललेलं मफिन हातातच मोडतं (आणि मोडलेलं 'मोजायचं नसतं', असा आमच्या घरचा समज आहे).

एका मफिनला साधारण ११५ कॅलरी पडतात. दोन ताटलीत घ्या, बाकीची लगेच डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. टेबलावर उघडा डबा राहिला की येता-जाता हात जातोच. मी शनिवार-रविवारच्या चहाबरोबर खाते, तेही चहासोबतच्या बिस्किटांच्या *ऐवजी*. शेंगदाण्याची चिक्की, बिस्किटं आणि वर हे, असं केलं तर मैद्याचा केकच काय वाईट होता?

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर जेवणातले कार्ब्स एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर खाली जाऊ शकते. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचं (हाही साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) पाकीट घरात आणूच नका, त्याला ते विषासारखं आहे.