आमटीच्या वाटीत प्रोटीन किती? मेसवाल्या काकूचा हिशेब

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझी शाकाहारी मेस आहे. मेंबर बहुतेक कॉलेजची पोरं, थोडे नोकरीवाले. पूर्वी डबा उघडायच्या आधी "काकू, आज गोड काय?" असं विचारायचे. आता ताटावर बसले की "काकू, ह्यात प्रोटीन किती हाय?" निम्मी पोरं जिमला जातात, त्यातली दोन-तीन पावडरचा डबा खोलीवर ठेवून आहेत. रोज तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

आधी लागतं किती ते बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेला आकडा मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅमचा आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. रोज जोर-बैठका किंवा वजनं मारणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ पर्यंत लागतं. ७० किलोचा पोरगा धरला तर ८५ ते ११० ग्रॅम. गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांकडून घ्यावा.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगते. "मी रोज वाटीभर आमटी खातो" याला काही अर्थ नाही. आमटी पाण्याने वाढते. दहा पानांना दीड-दोनशे ग्रॅम तूरडाळ घातली तरी फोडणी, चिंच-गूळ आणि कोथिंबीर नीट पडली की आमटी झकास लागते, कुणी तक्रार करत नाही. पण त्या वाटीत माणशी तीन-चार ग्रॅमच प्रोटीन जातं. कटाच्या आमटीत तर त्याहून कमी, कारण डाळ गेलेली असते पुरणात. म्हणून वाटी मोजू नका, कोरडी डाळ मोजा. एका मुठीत ३० ते ४० ग्रॅम कडधान्य मावतं आणि त्यात ७ ते ९ ग्रॅम प्रोटीन असतं. तूर, मूग, मसूर, मटकी, चवळी, हुलगे, सगळं शंभर ग्रॅमला २० ते २४ च्या आसपासच. त्यामुळे कुठली डाळ भारी यावर डोकं लावू नका. दोन्ही जेवणांत माणशी एक मूठ भिजत पडली का, एवढंच बघा.

मोडांबद्दल एक गैरसमज फार आहे. मटकीला मोड आले की पचायला हलकी होते, हे खरं. पण मोडाने प्रोटीन वाढत नाही. मटकी पाणी पिऊन फुगते, म्हणून मोडाच्या शंभर ग्रॅममध्ये उलट कोरड्यापेक्षा कितीतरी कमी भरतं. मिसळीचंही तसंच. प्रोटीन मटकीत आणि थोडंफार फरसाणातल्या बेसनात. कटात तेल, मसाला आणि घाम. कट मागाल तेवढा मिळतो, मटकी मात्र सांगून जास्त घ्या.

भाकरी-चपातीला कमी लेखू नका. एका चपातीत तीनेक ग्रॅम, ज्वारीच्या चांगल्या हातभर भाकरीत सहा. दिवसाचं निम्मं प्रोटीन बऱ्याच घरांत इथूनच येतं. धान्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर; डाळीत जे कमी ते धान्यात. भाकरी-पिठलं, वरण-भात, खिचडी या जोड्या म्हणूनच टिकल्या असाव्यात. दोन्ही एकाच घासात पाहिजेत असं काही नाही, दिवसभरात पोटात गेले की झालं. नाचणी मात्र प्रोटीनसाठी खाऊ नका, त्यात शंभराला सातच ग्रॅम. तिचं काम कॅल्शियमचं.

माझ्याकडे सगळ्यात जास्त उठणारी भाजी म्हणजे अख्खा मसूर. कोल्हापूर-सांगली रस्त्यावरच्या ढाब्यांनी तो मोठा केला, पण घरी जास्त चांगला होतो. चौघांना २०० ग्रॅम मसूर घ्या आणि तीन-चार तास भिजवा. कुकरला दोनच शिट्ट्या, दाणा अख्खा राहिला पाहिजे. कांदा बारीक चिरून तेलात तांबूस होईपर्यंत परता, घाई केलीत तर कच्चट वास राहतो. मग आलं-लसूण, टोमॅटो आणि दोन चमचे कांदा-लसूण चटणी. तेल सुटलं की मसूर घाला आणि पळीच्या पाठीने मूठभर दाणे कढईच्या कडेला चेपा, रस्सा आपोआप दाट येतो, पीठ लावावं लागत नाही. वरून लसणाची फोडणी. माणशी ५० ग्रॅम मसूर म्हणजे १२ ग्रॅम, सोबत दोन भाकऱ्यांचे १२. एका बैठकीत निम्मा दिवस सुटला.

जिमवाल्यांना एवढ्यावर भागत नाही. त्यांच्यासाठी सोया चंक्स. कोरड्या ५० ग्रॅममध्ये २५-२६ ग्रॅम प्रोटीन असतं, पावडरच्या डब्यातल्या मापाच्या एका मोठ्या चमच्याइतकं, आणि पैसे त्याच्या कितीतरी कमी. लोक "वास येतो" म्हणून नाकं मुरडतात. उकळत्या मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, दाबून पाणी काढा, गार पाण्यात पुन्हा एकदा पिळा. मग दही आणि चटणी लावून अर्धा तास झाकून ठेवा आणि तांबड्या रश्शात सोडा. खोबरं, तीळ, खसखस भाजून वाटलेली असली तर शाकाहारी घरातसुद्धा रविवार साजरा होतो.

सोयाबीन आपल्या जिल्ह्यात पिकतं, पण घरात फारसं शिरत नाही. नऊ किलो गव्हात एक किलो भाजलेलं सोयाबीन घालून दळून आणा. भाजायचंच, कच्चं पचत नाही. नुसतं सोयाबीन गिरणीत नेलंत तर गिरणीवाला परत पाठवेल, तेलकट असल्यामुळे ते जात्याला धरतं.

दूध म्हणाल तर कोल्हापूरला काय कमी? म्हशीच्या पेलाभर दुधात ९ ग्रॅम. दूध कट्ट्यावर उभं राहून समोर काढलेलं पिणारे पैलवान अजून दिसतात, पण कच्चं दूध मी कुणाला सुचवणार नाही, उकळूनच प्या. ताकात फारसं नसतं, दही घ्या. थंडाईतल्या वीस बदामांतून पाचेक ग्रॅम मिळतं. तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांतून सहा. बदाम परवडत असतील तर खा, न परवडले म्हणून रडू नका. शेंगदाण्याची चटणी रोज दोन चमचे ताटात असली तरी बरंच होतं.

उपवासाचं सांगायचं राहिलं. नवरात्रात पोरी नऊ दिवस साबुदाण्यावर काढतात. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, खिचडीत जे असतं ते कुटाचं. त्यापेक्षा वरीचा भात आणि दाण्याची आमटी करा, माणशी मूठभर दाणे वाटून. राजगिऱ्याची भाकरीही चालते, त्यात शंभराला तेरा-चौदा ग्रॅम असतं.

खरी अडचण दोघांची होते. एक सकाळी चहा-खारीवर निघून दुपारी वडापाव खाणारा पोरगा. त्याने मेसला खाडे कमी करावेत, दुसरं औषध नाही. दुसरे घरातले म्हातारे. त्यांचं जेवणच कमी असतं, वर आमटी-भात पातळ करून मागतात. माझ्या सासूबाईंना मी मुगाचं वरण घट्ट शिजवून, घोटून देते. भात दोन घास कमी, सोबत दही, आणि संध्याकाळी दुधातला राजगिरा लाडू चुरून. दात लागत नाहीत आणि त्या कुरकुरतही नाहीत.

डाळी एकदम वाढवल्या तर पोट फुगतं. आठवड्याला थोडं थोडं वाढवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, फोडणीत हिंग सढळ घाला. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर यातलं काहीही वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. तिथे माझ्या मुठीचं माप चालत नाही.