टाइम ट्रायलसाठी गाडी तयार करताना: आधी वर्ग, मग पार्ट

टाइम ट्रायलमध्ये शेजारच्या गाडीशी झुंज नसते, झुंज घड्याळाशी असते. ट्रॅकवर इतर गाड्या असतात, पण निकाल लागतो तो तुमच्या सर्वांत जलद लॅपवर, आणि तोही तुमच्याच वर्गातल्या गाड्यांशी तुलना करून. म्हणून "गाडी किती वेगवान झाली" हा प्रश्न अर्धवट आहे. "या वर्गाच्या मर्यादेत गाडी किती वेगवान झाली" असा प्रश्न विचारायला हवा. नवीन माणूस बहुतेक वेळा उलट वाटेने जातो. आधी सायलेन्सर, इनटेक, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप), मोठे ब्रेक असे पार्ट बसवतो आणि नोंदणीच्या दिवशी कळतं की गाडी दोन वर्ग वर गेली आहे. तिथे तिच्यासमोर पूर्ण तयारीच्या गाड्या उभ्या असतात. दोन वर्गांच्या मधोमध अडकलेली गाडी दोन्हीकडे हरते, आणि पार्ट कितीही चांगले असले तरी हे बदलत नाही.

वर्ग ठरवण्याच्या पद्धती ढोबळमानाने तीन. पहिली यादीची: कोणते बदल चालतील हे नियमपुस्तकात लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या एससीसीए या मोटरस्पोर्ट क्लबच्या टाइम ट्रायलमध्ये स्पोर्ट, ट्यूनर, मॅक्स आणि अनलिमिटेड अशा चढत्या पायऱ्या आहेत, त्या याच धर्तीच्या. दुसरी गुणांची: गाडीचा मूळ वर्ग ठरलेला असतो, प्रत्येक बदलाला गुण असतात आणि बेरीज मर्यादेपलीकडे गेली की गाडी वरच्या वर्गात जाते. तिसरी वजन आणि ताकदीच्या गुणोत्तराची: ड्रायव्हरसकट वजन भागिले चाकांवर मोजलेली एचपी. बऱ्याच क्लबांत या पद्धतींची सरमिसळ असते. गुणोत्तर मुख्य आणि टायरची रुंदी, एअरो (हवेच्या दाबाने गाडी खाली दाबणारे भाग) किंवा सस्पेन्शनची रचना यांसाठी वजाबाकी-बेरीज.

नियमपुस्तक वाचताना सर्वांत आधी एक वाक्य शोधा: जे लिहिलेलं नाही ते चालतं की चालत नाही? यादीच्या पद्धतीत बहुधा "जे स्पष्ट लिहिलं नाही ते मना" असा नियम असतो. मग तुटलेल्या रबर बुशच्या जागी पॉलियुरेथेन बुश टाकणं हीसुद्धा दुरुस्ती राहत नाही, तो बदल ठरतो. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या वर्षी दिलेला पार्ट चालेल का, त्याचाही नियम वेगळा असतो. शंका असेल तर पार्ट घेण्याआधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आधीच्या मालकाने बदल केलेली गाडी घेतली असेल तर ईसीयूचा मॅप (इंजिनच्या संगणकातली सेटिंग), अँटी-रोल बारची (वळणात गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांड्याची) जाडी आणि रिमची रुंदी तपासून घ्या. नजरेला न दिसणारे बदल याच तीन ठिकाणी सापडतात. मग त्या क्लबच्या मागच्या दोन हंगामांचे निकाल उघडा. तुमच्या वर्गात जिंकणाऱ्या गाड्या कोणत्या आणि त्या मर्यादेच्या किती जवळ आहेत, हे पाहिल्याशिवाय एकही पार्ट मागवू नये.

गुणोत्तराचा हिशेब सोपा आहे, पण चुका त्यातच होतात. समजा वर्गाची मर्यादा आहे प्रति एचपी किमान 6.3 किलो. गाडी आणि ड्रायव्हर मिळून 1260 किलो, चाकांवर ताकद 190 एचपी. गुणोत्तर 6.63 येतं, म्हणजे अजून जागा आहे. ती दोन प्रकारे वापरता येते: ताकद 200 एचपीपर्यंत न्यायची, किंवा ताकद तीच ठेवून वजन 1197 किलोवर आणायचं, म्हणजे 63 किलो काढायचं. आमचा कौल बहुतेक ट्रॅकवर वजन काढण्याला. वाढलेली एचपी फक्त सरळ पट्ट्यावर कामी येते, कमी झालेलं वजन ब्रेक, वळण आणि टायरचं तापमान या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडतं. ट्रॅक लांब पट्ट्यांचा असेल तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

डायनोचा (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा कोणत्या दुरुस्ती-गुणकाने (हवामानाचा फरक जुळवणाऱ्या आकड्याने) काढला ते कागदावर बघा. एसएई आणि एसटीडी या दोन गुणकांत साधारण 4 टक्के फरक पडतो, एसटीडी जास्त दाखवतो. डायनोच्या प्रकाराप्रमाणेही आकडा बदलतो. इनर्शिया प्रकारचा (नुसता जड ड्रम फिरवणारा) डायनो लोड प्रकारच्या (ड्रमला अडवून मोजणाऱ्या) डायनोपेक्षा सहसा जास्त दाखवतो. म्हणून क्लब जो प्रकार आणि जो गुणक मागतो त्यावरच मोजणी करून घ्या आणि मर्यादेपासून किमान 2 टक्के मागे राहा. थंड हवेत इंजिन जास्त ताकद देतं, त्यामुळे उन्हाळ्यात मर्यादेला अगदी चिकटवलेली गाडी हिवाळ्यात नियमाबाहेर जाऊ शकते.

आता पार्ट. गुणांच्या पद्धतीत प्रत्येक बदलाचा भाव गुणांत असतो, म्हणून तुलना "एका गुणामागे किती वेळ वाचतो" अशी करायची. याच हिशेबाने पहिला क्रमांक शून्य गुणांच्या गोष्टींचा. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, ब्रेकचे स्टील विणीचे होज आणि मूळ सोयीच्या मर्यादेतलं अलाइनमेंट (चाकांचे कोन) हे बऱ्याच नियमपुस्तकांत मोकळं असतं. तिथलं सगळं मिळवून झाल्याशिवाय गुण खर्च करायचे नाहीत.

ब्रेकमध्ये नवशिक्याला दोन बिघाड वेगळे ओळखता आले पाहिजेत. पेडल मऊ होऊन खाली जातं तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते दाबले जातात. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड त्याच्या तापमानाच्या पलीकडे गेलेला असतो. पहिल्याचा उपाय ऑइल, दुसऱ्याचा पॅड. मोठ्या कॅलिपरची गरज दोन्हीकडे क्वचितच असते. डॉट 4 प्रमाणासाठी कोरड्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू 230 अंश सेल्सिअस आहे, आणि पाणी शोषल्यावर तो 155 पर्यंत चालतो. म्हणजे वर्षभर गाडीत राहिलेलं महागडं ऑइल ताज्या साध्या ऑइलपेक्षा वाईट असू शकतं. कोरडा बिंदू 300 च्या वर असलेलं रेसिंग ऑइल घ्या आणि प्रत्येक स्पर्धेआधी किमान ब्लीड करा (अडकलेली हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढा). सिलिकॉनचं डॉट 5 यात घालू नका. त्याचं पेडल स्पंजासारखं लागतं आणि ते डॉट 4 मध्ये मिसळत नाही. छिद्रं पाडलेल्या डिस्कचाही मोह टाळा, तडे छिद्रापासूनच सुरू होतात. कोणत्याही डिस्कचा तडा बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचला की ती तिथेच काढायची.

टायरवर मात्र मन लावून वेळ घालवा, कारण लॅपचा सर्वांत मोठा तुकडा तिथे आहे. अनेक वर्गांत ट्रेडवेअर (टायर किती सावकाश झिजतो त्याचा आकडा) 200 किंवा त्याहून जास्त अशी अट असते. हा आकडा टायर बनवणारी कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे 200 सारखे नसतात; एकाच आकड्याचे दोन टायर एका लॅपमध्ये सेकंदाहून जास्त फरक दाखवू शकतात. काही टायर पहिल्याच लॅपला पकड देतात आणि चौथ्या लॅपला गळतात, काहींना तापायला दोन लॅप लागतात. टाइम ट्रायलला पहिला प्रकार जास्त जमतो, कारण तुम्हाला एकच लॅप हवा असतो. रुंदीबाबत अतिलोभ नको. आठ इंचांच्या रिमवर 255 चा टायर कोंबला तर बाजूची भिंत वळणात लोळते आणि रुंदीचे गुण मात्र पूर्ण कापले जातात. त्याच रिमवर 225 किंवा 235 अनेकदा जास्त जलद असतो.

टायर थंड असताना भरलेल्या हवेच्या दाबावर जाऊ नका. ट्रॅकवर दाब 6 ते 8 पीएसआयने वाढतो, म्हणून मोजायचा तो पिटमध्ये परतल्याबरोबर, गरम असताना. तापमान सुईच्या पायरोमीटरने तीन ठिकाणी घ्या: आतली कड, मध्य, बाहेरची कड. मध्य जास्त गरम तर हवा जास्त; दोन्ही कडा जास्त गरम तर हवा कमी. आतली कड बाहेरच्यापेक्षा 5 ते 10 अंशांनी गरम असेल तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) ठीक आहे. बाहेरची कड जास्त गरम असेल आणि टायर खांद्यावर घासला जात असेल, तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकणं) वाढवल्याशिवाय कोणताही टायर टिकणार नाही.

मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉकअपच चाकाला वरून धरतो अशा रचनेच्या) गाडीत हे हमखास दिसतं. गाडी कलली की या रचनेत चाकाला पुरेसा निगेटिव्ह कॅम्बर मिळत नाही आणि टायर बाहेरच्या खांद्यावर चढतो. रस्त्यावरची गाडी साधारण उणे 1 अंशाच्या आसपास असते, ट्रॅकला पुढे उणे 2.5 ते 3.5 लागतो. स्ट्रटच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट टाकून दीड अंशापर्यंत मिळतो, कॅम्बर प्लेटने त्याहून जास्त. प्लेटला गुण असतील तर बोल्टची सोय नियमात बसते का ते आधी बघा. बोल्ट सरकतात, म्हणून दिलेल्या टॉर्कवर आवळून रंगाची खूण करा आणि प्रत्येक सेशननंतर ती खूण जुळते का पाहा. कॅम्बर बदलला की टो (वरून पाहता चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलेली) बदलतो. टो पुन्हा न लावता ट्रॅकवर उतरणं म्हणजे एका दिवसात टायर संपवणं. पुढे शून्य किंवा किंचित टो-आउट, मागे थोडा टो-इन, इथून सुरुवात करा.

स्प्रिंगबाबत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलणं. आकडा ठरतो कोपऱ्यावरच्या वजनावरून आणि मोशन रेशोवरून (चाक जितकं हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग दबते). रस्त्याच्या टायरवरची ट्रॅक गाडी 2 हर्ट्झच्या (सेकंदाला दोन झोक्यांच्या) आसपास चांगली चालते. एका कोपऱ्यावर स्प्रिंगच्या वरचं वजन 280 किलो धरलं, तर 2 हर्ट्झसाठी चाकापाशी सुमारे 44 न्यूटन प्रति मिमी कडकपणा हवा. त्याला मोशन रेशोच्या वर्गाने भागायचं. स्ट्रटचा रेशो 0.95 असेल तर स्प्रिंग येते 49 न्यूटन प्रति मिमी, म्हणजे मिमीमागे 5 किलोची. डबल विशबोनचा (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या रचनेचा) रेशो 0.7 असेल तर तेवढ्याच परिणामासाठी 90 न्यूटन, म्हणजे 9 किलोहून जास्त लागते. दोन्ही गाड्यांचं वजन सारखं, चाकाची वागणूक सारखी, तरी स्प्रिंगचा आकडा जवळपास दुप्पट. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप मूळचाच ठेवला तर रिबाउंड (स्प्रिंग परत उसळताना शॉकअपने करायचा अटकाव) पुरत नाही आणि चाक उंचवट्यावर उड्या मारतं; म्हणून दोन्हीचा खर्च आणि दोन्हीचे गुण एकत्र धरा.

गाडी किती खाली आणायची? लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जाईल इतकी नाही. स्ट्रटच्या गाडीत तसं झालं की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातो, गाडी उलट जास्त कलते आणि बंप स्टिअरही (उंचवट्यावर चाक आपोआप वळणं) वाढतो. दिसायला सुंदर आणि लॅपला हळू, अशा गाड्या याच कारणाने होतात.

इंजिनावर सर्वांत शेवटी या. गुणोत्तराच्या वर्गात मर्यादेत बसण्यापुरता मॅप पुरे. टोकाची एचपी मर्यादेत ठेवून मधल्या आरपीएमची ताकद वाढवली तर वळणातून बाहेर पडताना फायदा होतो. मात्र काही क्लब सरासरी एचपी मोजतात, तिथे ही युक्ती चालत नाही. इंजिन वाचवण्याचं काम मात्र पुढे ढकलू नका. चिकट टायरवर लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. चेंबरला बॅफल (ऑइल एका बाजूला पळू न देणारी पडदी) बसवा, ऑइलची पातळी कमाल खुणेवर ठेवा आणि ऑइलचं तापमान 130 अंशांच्या पुढे गेलं की लॅप सोडून द्या. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलचे (एकच चाक घसरून फिरू न देणाऱ्या गिअरचे) गुण बहुतेक वेळा वसूल होतात. एअरोचे गुण मात्र छोट्या, वळणावळणांच्या ट्रॅकवर वसूल होत नाहीत. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, 100 वरून 140 किमीला जवळजवळ दुप्पट होतो, पण 70 च्या वळणात हाती फारसं लागत नाही. आणि स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची आडवी पट्टी) नसताना मागे मोठा विंग लावला तर वेगात पुढचं टोक हलकं पडतं.

सुरक्षेची साधनं वर्गाच्या हिशेबात धरायचीच नाहीत, पण ती पूर्ण संचात घ्यायची. हार्नेस घेतला तर बकेट सीट, हॅन्स (धडकेत मान वाचवणारा आधार) आणि खांद्याच्या पट्ट्यांसाठी योग्य आधार हेही घ्या. पट्ट्या खांद्यापासून मागे आडव्या किंवा जास्तीत जास्त 20 अंश खाली उतरलेल्या असाव्यात. मागच्या सीटच्या बुडाशी बांधल्या तर धडकेत मणका दाबला जातो. चार पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरू शकतं, म्हणून सहा पट्ट्यांचा. हा संच परवडत नसेल तर कंपनीचा तीन-बिंदूंचा पट्टा जास्त सुरक्षित. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत पूर्ण केज (नळ्यांचा सांगाडा) टाकू नका. हेल्मेट नसताना ती नळी डोक्यापासून चार बोटांवर असते.

नोंदणीचा अर्ज भरताना प्रत्येक बदल लिहा, शून्य गुणांचाही. तपासणीत न लिहिलेला बदल सापडला तर तो वेळेवर परिणाम करतो की नाही हे कुणी विचारत नाही, निकाल रद्द होतो. डायनोचा कागद, वजनाची पावती, टायरचा आकार आणि लेखी मिळालेली उत्तरं एका फाइलमध्ये गाडीतच ठेवा. वजन सेशन संपल्यावर होतं, ड्रायव्हर आणि उरलेल्या पेट्रोलसकट. एक लिटर पेट्रोल सुमारे 0.75 किलो, सेशनमध्ये 12 लिटर जळलं तर 9 किलो गेले. म्हणून घरी वजन करताना टाकी जवळपास रिकामी ठेवूनच आकडा जमवा, कमी पडलं तर मागच्या सीटच्या जागी बोल्टने पक्की केलेली वजनाची प्लेट बसवा, आणि ती प्लेट नियमाप्रमाणे बसली आहे हे तपासनीसाला आधीच दाखवा.